पायना हलला

आमच्या मराठी मंडळाच्या अंकात प्रवासाचं लिहा, असं मले सेक्रेटरीनं सांगतलं. वरून म्हणे, "काका, भाषा मी शुद्ध करून घेईन." मी म्हटलं, कर बापा, पण एका शब्दाले हात लावशील त अंक परत करीन. तो शब्द म्हणजे पायना. पुस्तकात त्याले पाळणा म्हणतात. आमच्या वऱ्हाडी जिभेवर ळ टिकत नाही, त्याचा य होते. लेकराले झोपवायचा तो पायना, अन् मेळ्यात गोल फिरून पोटात गोळा आणते तोही पायनाच. या एका शब्दापायी मी जर्मनीले जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी माह्या हातचे पेढे खाल्ले, त्यांले खुलासा द्याव लागते, म्हणून हे लिहून राहिलो. माह्यं शिक्षण चौथीचं, तेही पूर्ण नाही. पण मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, गाडीचे रूळ बनतात त्या रेल मिलमध्ये उभी जिंदगी काढली, अन् आमच्या मिलचा रूळ कोणी शुद्ध करून घेतला नाही. तसंच हेही वाचा.

रिसाली

माहा पोरगा प्रशांत बरेच वर्षांपासून जर्मनीत आहे. सून मुक्ता पुण्याची. नात एकच, सई. एक दिवस सकाळी प्रशांतचा फोन आला.

"बाबा, या वर्षी पायना पक्का!"

मी खुर्चीतून उठूनच उभा राह्यलो. "काय म्हणतं बे!"

"हाव. वर्षभरापासून तयारी करून राहिलो. सई त रोज विचारते, पायना कधी, पायना कधी. तुम्ही दिवाळीच्या आधी या. नाही म्हणू नका."

आता तुम्हीच सांगा, याच्यातून कोणता माणूस काय समजीन? सई एकटी आहे, मोठी होऊन राहिली, तिले भाऊ नाही का बहीण नाही. मी समजायचं ते समजलो. पुढचं विचारलं नाही. बापानं पोराले असं विचारायचं नसते. घरात बाईमाणूस असतं त तिनं सुनेले विचारलं असतं, पण सईची आजी आता नाही.

जवळच्या उतई गावाले माही मोठी बहीण राह्यते, सखूबाई. तिले जाऊन सांगतलं. ती म्हणे, "नीट विचारलं का रे?" मी म्हटलं, मी काय बहिरा आहो? मग तिनं सईच्या आजीच्या दोन साड्या मागून घेतल्या, एक हिरवी, एक जांभळी, अन् त्याची बाळाची गोधडी शिवली. डिंकाचे लाडू केले, बाळंतिणीले लागतात म्हणून. अन् मी? मी रिसालीत, म्हणजे भिलाईतल्या आमच्या मोहल्ल्यात, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. शेजारचे साहूजी छत्तीसगडी माणूस, ते म्हणे, "का बात के मिठाई हे कका?" मी म्हटलं, "प्रशांत के घर पायना हलने वाला है." त्यायले पायना समजला नाही. मी दोन हात छातीशी धरून हलवून दाखवले. तेव्हा समजले, अन् दोन पेढे घेतले.

जर्मनी, प्रशांतचं घर

विमानाचं सांगत नाही. बसलो, उतरलो.

त्या देशात पहिली गोष्ट मले लागली ती चूप. रस्ते आहेत, गाड्या आहेत, पण हॉर्न नाही. पहिल्याच दिवशी एक म्हातारी पाह्यली. रस्ता दोन्हीकडून रिकामा, मांजरही नाही, तरी ती लाल दिव्यासमोर काठी टेकून उभी. हिरवा झाला तेव्हा गेली. प्लांटमध्ये सेफ्टीवाले उभी जिंदगी आमच्या कानाशी ओरडले, त्यायले ही म्हातारी दाखवायले पाहिजे होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळे बसलो. मी बॅग उघडली. लाडवाचा डबा मुक्तासमोर ठेवला, त्याच्यावर गोधडी ठेवली अन् म्हटलं, "सूनबाई, हे सखूबाईनं पाठवलं. गोधडी सईच्या आजीच्या साड्यायची आहे."

मुक्तानं गोधडी उलगडली. ती तिच्या दोन हातातच मावली. म्हणे, "बाबा, किती सुंदर आहे. पण ही इतकी छोटी… कोणासाठी?"

"येणाऱ्यासाठी."

"कोण येणारे?"

मी प्रशांतकडं पाह्यलं. प्रशांत माह्याकडं. मग त्याचं तोंड हळूहळू असं झालं, जसं त्यानं लहानपणी शाळेची फी हरवल्यावर झालं होतं.

"बाबा," तो म्हणे, "पायना म्हणजे… पायना. मोठा. बागेतला. फिरते तो."

सई टेबलावरून उडी मारून उठली, "आबा, ये!" म्हणे अन् मले तिच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर चित्र होतं. लोखंडाचा रूळ आकाशात गेलेला, तिथून उलटा खाली आलेला, अन् त्याच्यावर माणसायनं भरलेले डबे. सई बोट ठेवून म्हणे, "हा माझा पायना."

मुक्तानं मागून सांगतलं, "बाबा, ती भिलाईला आली होती ना, तेव्हा तुम्ही तिला दसऱ्याच्या मेळ्यात पाळण्यात बसवलं होतं. तेव्हापासून हलणारी, फिरणारी प्रत्येक गोष्ट तिच्यासाठी पायना. मी किती वेळा सांगितलं, पाळणा म्हण. ऐकत नाही. तुमच्यावर गेलीय."

मग मुक्ता हळू म्हणे, "आणि बाबा, आम्ही दोघांनी ठरवलंय. सई एकच."

आता मी खरं सांगतो, मले दुःखापेक्षा राग जास्त आला. राग त्या दोघायवर नाही. माह्या डोयासमोर साहूजी पेढा चघळत उभे राह्यले. आता रिसालीत काय तोंड दाखवू? जेवताना मी भिंतीकडं तोंड करून बसलो. म्हटलं, "माह्यं तिकीट काढू नका. मी काही पोट्ट्यायच्या खेळाले येत नाही."

प्रशांत म्हणे, "काढलं आहे बाबा. कधीच. लवकर काढलं म्हणून स्वस्त पडलं. परत होत नाही."

काढलेलं तिकीट वाया घालवणं हे आमच्या घराण्यात कोणी केलं नाही. मी पोळीचा तुकडा तोडला अन् म्हटलं, "येईन. पण खाली बाकावर बसीन. मले वर चढा म्हणायचं नाही."

लाडवाचा डबा तसाच टेबलावर होता. मुक्तानं तो उघडला, एक लाडू घेतला, खाल्ला. मग दुसरा घेतला. म्हणे, "थंडी बाळंतिणीलाच वाजते असं थोडंच आहे." तेव्हा मी भिंतीकडचं तोंड थोडं वळवलं.

फळबागेतलं पिंप

बाग त्यायच्या गावापासून दूर होती. प्रशांतच्या जुन्या गाडीतून निघालो. सईनं गोधडी गुडघ्यावर घेतली होती. तिले सांगतलं का ही बाळाची आहे, त म्हणे, "बाळ नाहीये. आजीची साडी आहे. माझी."

रस्त्यानं पवनचक्क्या पाह्यल्या. शेतात पांढऱ्या, उंच, एकीमागं एक, अन् एकही आवाज नाही. मी गाडी थांबवायले सांगतलं. प्रशांत म्हणे, इथं मधातच थांबता येत नाही. मग मी मान मागं करून करून पाह्यलं. आमच्या मरोद्याच्या टाकीवरून अख्खं भिलाई दिसते म्हणून पोरं लहान होती तेव्हा आम्ही त्यायले तिथं न्यायचो. त्या चक्कीवर बसलं त काय काय दिसत असेल!

गाडीतच प्रशांतनं मले त्याचं गणित सांगतलं. परदेशात गेलं म्हणजे पैशाचं झाड हाती लागते असं इकडं सगळ्यायले वाटते. तिकडं भाडं, विमा, शाळेचं, सगळं जाऊन जे उरते त्याच्यात लेकराची हौस बसवा लागते. सईच्या भागाची शाळा शेजारच्या भागाच्या आधी सुटते, तेव्हा गर्दी अन् भाव कमी, म्हणून तो आठवडा त्यानं धरला. शनिवार-रविवार सोडला. बागेच्या आतल्या हॉटेलात नाही, बाहेर एका शेतकऱ्याच्या फळबागेत राह्यचं. खाणं घरून. वर्षभर बाहेरचं जेवण बंद, अन् सईनं वाढदिवसही घरातच केला, या एका दिवसासाठी. तो हे सांगत होता अन् मले हसू येऊन राहिलं होतं. कावून का, हाच धंदा मी केला होता! सुट्टीत जगन्नाथपुरीले जायचो तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह, पिठाचा डबा, लोणच्याची बरणी, अन् मुक्काम धर्मशाळेत. प्रशांत तेव्हा तोंड वाकडं करायचा, म्हणे, बाबा, सगळ्यायचे बाबा हॉटेलात खाऊ घालतात. मी आता फक्त विचारलं, "लोणचं घेतलं का बे?" तो म्हणे, "घेतलं."

शेतकऱ्याच्या बागेत आमचा मुक्काम पिंपात होता. खोटं नाही सांगत. लाकडाचं आडवं पिंप, त्याले काचेचं दार, आत दोन बाकं अन् गादी. असे पिंप सफरचंदाच्या झाडाखाली रांगेनं ठेवलेले. मी मागं सरकलो. म्हटलं, "मी काय लोणचं आहो?" पण आत गेलो त काय सांगू, लाकडाचा असा वास, अन् असं गरम! पडल्या पडल्या डोया लागला. सकाळी दार उघडलं त गवतावर दहिवर पांढरं झालेलं, त्याच्यावर लाल सफरचंदं पडलेली, अन् कोणी उचलत नाही. मी मालकिणीले हातानं विचारलं, घेऊ का? ती हसली अन् टोपलीच घेऊन आली. मीही तिले एक डिंकाचा लाडू दिला. तिनं खाल्ला, डोये मिटले, अन् छातीवर हात ठेवला. दुसऱ्याच्या अंगणातून काही न देता घ्यायचं नाही, हे तिकडंही चालते.

बाग

मी मनात ठरवलं होतं का तोंड उघडं पडू द्यायचं नाही. दारातून आत गेलो अन् दहा पावलं नाही चाललो त उघडं पडलं.

पहिल्यांदा कोहळे, पुस्तकात ज्याले लाल भोपळे म्हणतात ते. पिवळे, केशरी, हिरवे, ढीगच्या ढीग, रस्त्याच्या दोन्ही बाजूनं, पुलावर, पायऱ्यायवर, छपरावर. सगळे कोहळे शोभेचे! मी एकाले बोटानं वाजवून पाह्यलं, खरा होता. आपल्याकडं याचे गूळ घालून गोड बोंडं तळले असते त अख्खी रिसाली जेवली असती. मुक्ता म्हणे, "बाबा, वाजवू नका, बघतायत." मी म्हटलं, बघू दे, कोहळं वाजवूनच घेतात.

मग गावं. एका वळणावर एका देशाचं गाव, दुसऱ्या वळणावर दुसऱ्याचं. घरं, खिडक्यायत फुलं, तळं, तळ्यात होड्या, अन् होडीत चालवणारा नाही. झाडाखाली लाकडाच्या बाहुल्या मान हलवतात, एक म्हातारा बाहुला आरी चालवते, एक म्हातारी लोणी घुसळते. मी त्या म्हाताऱ्यासमोर उभाच राह्यलो. त्याच्या मनगटाची मोड पाह्यली. हुबेहूब. इतके लोक, पण रांगेत धक्का नाही, अन् जमिनीवर एक कागद नाही. देवळात इतकं साफ पाह्यलं नाही मी.

अन् मग तो दिसला. झाडायच्या वर. निळ्या रंगाचा, नळीसारखा रूळ. मी आयुष्यभर रूळ पाह्यला तो लाल, तापलेला, जमिनीवरून सरसर जाणारा. थंड झाला म्हणजे माणूस त्याले सरळ करते, कारण रूळ सरळ पाहिजे. इथं तोच रूळ कोणीतरी हातात घेऊन दोरीसारखा आकाशात फेकला होता, अन् तो वरच थांबला होता, गाठी मारलेला. त्याच्यावरून डबे गेले. आधी माणसायचा आवाज आला, मग वारा आला. मी टोपी धरली. मले वाटलं, ज्यानं हा वाकवला त्याच्या पाया पडावं.

सई म्हणे, "आबा, पायना."

मी म्हटलं, "हाव बाई. पायनाच आहे."

रांगेच्या तोंडाशी

गेल्या वर्षी सई तिथून परत आली होती, उंचीनं कमी पडली म्हणून. यंदा एका पोरीनं तिले खांबाजवळ उभं करून मोजलं अन् हसून मान हलवली. पण सईएवढ्या लेकरासोबत मोठं माणूस बसाव लागते, असा तिथला नेम. मुक्ताची मान दुखते, डॉक्टरनं झटके मना केले आहेत. म्हणजे प्रशांत. वर्षभराची सगळी आखणी प्रशांतच्या पोटावर उभी होती.

अन् प्रशांतचं पोट मले माहीत आहे. भिलाईच्या मेळ्यात हाच पोट्टा पायन्यातून उतरून माह्या चपलेवर ओकला होता. तो म्हणे, "गोळी घेतली आहे बाबा." पण जरा सवय करू म्हणून तो आधी सईसोबत लहान लेकरायच्या कपबशीत बसला. कपबशी! गोल गोल फिरते, बस. उतरला तेव्हा भिंतीसारखा पांढरा. झुडपाच्या मागं गेला, परत आला, बाकावर डोकं धरून बसला.

"थोडा वेळ जाऊ दे," तो म्हणे. थोडा वेळ गेला. उभा राह्यला, परत बसला.

मुक्ता म्हणे, "मी बसते."

"तू नाही बसायचं," प्रशांत ओरडला, अन् परत झुडपाकडं पळाला.

सई रडली नाही. रडली असती त बरं झालं असतं. ती बाकावर बसली, गोधडी डोक्यावरून घेतली अन् आत चूप झाली. हिरव्या-जांभळ्या साडीचा गठ्ठा. त्या साड्यायच्या मालकिणीची तऱ्हा तीच होती. रुसली का पदर डोक्यावर घेऊन भिंतीकडं तोंड. मले वाटलं, ही मलेच म्हणून राहिली, "काय पाहून राहिले? उठा."

मी खाली बसणार असं सगळ्यायसमोर बोललो होतो. मी बोललेला शब्द फिरवत नाही, हे प्लांटमध्ये सगळ्यायले माहीत आहे. पण मी हेही बोललो होतो, का प्रशांतच्या घरी पायना हलणार. तो शब्द जास्त जुना होता, अन् त्याच्यावर पेढे वाटले होते.

मी दातांची कवळी काढली, रुमालात बांधून प्रशांतच्या हातात दिली. वर चष्मा अन् टोपी दिली.

"बाबा, हे काय?"

"शांभाय," मी म्हटलं. कवळीशिवाय एवढंच निघालं.

रांगेच्या तोंडाशी त्या पोरीनं मुक्ताले काही विचारलं. मुक्ता म्हणे, "बाबा, छाती, पाठ, मान, काही त्रास आहे का विचारतेय."

मी म्हटलं, "तिले शांग, हे शरीर रेल मिलच्या आगीशमोर पकलेलं आहे. भट्टीतून निघालेल्या लोखंडाशमोर उभा राह्यलेला माणूश पायन्याले भीत नाही."

मुक्तानं तिले दोन शब्द सांगतले.

"एवढंच शांगतलं?"

"ठीक आहेत म्हणाले."

वर

दांडा येऊन छातीवर बसला. सई माह्या बाजूले. गोधडी खाली आईजवळ. डबा सरकला, अन् खालून साखळीनं धरला. कट कट कट कट. तो आवाज मले ओळखीचा वाटला, रूळ पुढं सरकवणाऱ्या रोलरसारखा. म्हणून पहिल्यांदा भीती नाही वाटली.

मग आम्ही झाडायच्या वर आलो. चष्मा नव्हता, तरी दूरचं मले चांगलं दिसते. पिवळं, तांबडं जंगल, त्याच्या पलीकडं एक नदी, नदीच्या पलीकडं दुसरे डोंगर. सईनं सांगतलं, तो दुसरा देश आहे. वर वारा थंड अन् एकदम शांत. खालचे लोक, कोहळे, तळं, सगळं एका हातात मावेल एवढं. मी इतक्या वरून जमीन कधी पाह्यली नव्हती. विमानातून दिसते ते वेगळं, तिथं काच राह्यते. इथं माह्या पायाखाली काहीच नव्हतं, फक्त माहे बूट. मले वाटलं, माणूस असं पाहण्यासाठी जन्माले येते, अन् नाही पाहताच जाते.

सईनं माहं बोट धरलं. "आबा, तू घाबरलास?"

"नाही. तू?"

"मी पण नाही."

दोघंही खोटं बोललो. अन् साखळीनं सोडलं.

त्याच्यापुढचं मले लिहिता येत नाही. पोट वर राह्यलं अन् मी खाली गेलो. जंगल उलटं झालं, नदी डोक्यावर आली. सई ओरडत होती, आनंदानं, अन् मी काय केलं ते मले माहीत नाही. मले नंतर कळलं.

खाली एका खोलीत टीव्हीसारखे पडदे लावलेले असतात. डबा कोसळते तेव्हा कुठून तरी फोटो निघते अन् इथं दिसते. सगळ्यायचे हात वर, तोंडं उघडी. सईचे केस उभे, दात सगळे बाहेर. अन् तिच्या बाजूले मी, बिनदाताचा, डोये फाडलेला, दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर फुली मारून.

प्रशांत हसायले लागला. हसत हसत बाकावर बसला. मिलमध्ये आवाजात कोणाले ऐकू जात नाही, म्हणून आमचे सगळे इशारे हाताचे. दोन्ही हाताची फुली म्हणजे "मोटर बंद करा." मी त्या आकाशातून अख्ख्या जर्मनीले शटडाउनचा इशारा देऊन राहिलो होतो. बाजूला फोटो पाहणाऱ्या लोकायले वाटलं म्हातारा ऐट करून राहिला. दोन पोट्ट्यांनी मले पाहून तशीच फुली केली. मीही परत केली.

तिथले फोटो महाग. प्रशांतनं घरूनच सांगतलं होतं का फोटो घ्यायचा नाही, आखणीत बसत नाही. त्यानं मुक्ताकडं पाह्यलं नाही, मले विचारलं नाही. सरळ जाऊन दोन फोटो घेतले. एक त्यायच्या भिंतीसाठी, एक रिसालीसाठी.

सई परत रांगेत जाऊन उभी राह्यली होती. "आबा, अजून पायना!"

"पाळणा," मुक्ता म्हणे.

"पायना," सई म्हणे. मी कवळी लावली अन् तिच्या मागं उभा राह्यलो.

परत

घरी आल्यावर पहिल्यांदा उतईले गेलो. सखूबाईनं विचारलं, "गोधडी पुरली का रे?" मी म्हटलं, "पुरली. पाय बाहेर राह्यतात, पण ती पाय पोटाशी घेऊन झोपते." तिनं माह्याकडं पाह्यलं. ती समजली असंल. मोठी बहीण आहे, तिनं पुढं विचारलं नाही.

रिसालीत गल्लीच्या तोंडाशीच साहूजी भेटले. हातातली भाजीची थैली खाली ठेवून म्हणे, "कका! नोनी होइस के बाबू?" पोरगी झाली का पोरगा, असं. मागून अजून दोघं आले. पेढे खाल्लेले सगळेच.

मी खिशातून फोटो काढला अन् साहूजीच्या हातात दिला. त्यायनं चष्मा वर केला, पाह्यलं, परत पाह्यलं.

"पायना हल गया," मी म्हटलं, "लेकिन भीतर मैं था."